येतानी दही आणा

तुम्ही मोबाइलवर एखादं मराठी पान वाचता, ब्लॉग म्हणा, बातमी म्हणा, कुणाची कविता म्हणा, तेव्हा त्या पानाच्या पार तळापर्यंत कधी गेला आहात का? मजकूर संपतो त्याच्याही खाली. तिथे बारीक अक्षरात एक ओळ असते, पानाची मांडणी कुणी केली ते सांगणारी. बहुतेकांचा अंगठा त्याच्या आधीच माघारी फिरतो. मला याचा राग येतो, हे सुरुवातीलाच सांगून टाकते. मी ती ओळ लिहिणाऱ्यांपैकी आहे.

आज हे लिहायला बसले कारण आमची पऱ्हाटी फुटली आहे. कपाशीला आम्ही पऱ्हाटी म्हणतो. दसरा उलटला की एका सकाळी वावराचा रंग बदललेला असतो. काल नुसतं हिरवं-तपकिरी दिसत होतं, त्यात आज पांढरे ठिपके. दवाने बोंडं ओलसर असतात, म्हणून ऊन चढेपर्यंत हात लावायचा नसतो. मग बाया कमरेला कापूस टाकायची ओटी बांधतात आणि तासात, म्हणजे झाडांच्या ओळींमध्ये, शिरतात. बोंडाची सुकलेली टोकं बोटांना ओरबाडतात, नखांच्या मुळाशी कातडी सोलून निघते. मी त्याच बोटांनी कीबोर्ड चालवते. वेचणीच्या दिवसांत कळा दाबल्या की झोंबतं. दरवर्षी झोंबायला लागलं की मला तोच एक हंगाम आठवतो.

मी पत्रकांवर वाढले. बाबा पत्रकं लिहायचे. बोगस बियाण्यांवर, दारूच्या दुकानावर, हुंड्यावर, अंगारा देऊन ताप उतरवणाऱ्यांवर. नेरला रशीदचाचांचा छापखाना होता, तिथून गठ्ठे यायचे. शाईचा तो वास अजून माझ्या नाकात आहे, रॉकेल आणि ओल्या कागदाचा मिळून. आमच्या घरात पाहुण्यांना बसायला जागा नसे, पत्रकांना असे. मी अक्षरं त्यांच्यावरच शिकले. पाटीवर ‘क कमळाचा’ गिरवायच्या आधी मला ‘जाहीर निषेध’ वाचता येत होतं. बाजाराच्या दिवशी बाबा बोरी अरबला जायचे आणि पोत्यांच्या, कांद्यांच्या, बैलांच्या गर्दीत एकेकाच्या हातात कागद ठेवायचे. प्रत्येक पत्रकाच्या तळाशी एकच ओळ ठरलेली: ‘वाचून झाल्यावर पुढच्याला द्या.’

लोक त्यात भजी बांधून न्यायचे. बाबांना त्याचं काही वाटायचं नाही. म्हणायचे, “भजे खाऊन झाले की वाचंल तो. तेल लागलं तं अक्षर अजून ठळक दिसते.”

पुढे मी यवतमाळला संगणक शिकले आणि गावी परत आले. पोटासाठी दुकानांची, दवाखान्यांची संकेतस्थळं करते. पण ज्याची मला खरी मिजास आहे ते काम वेगळं. मी ब्लॉगसाठी एक थीम बनवली. थीम म्हणजे पानाचा तयार साचा. अक्षर केवढं, ओळींत अंतर किती, चित्र कुठे, गाणं असेल तर ते वाजवायची पट्टी कुठे, हे सगळं आधीच ठरवून ठेवलेलं असतं. लिहिणाऱ्याने फक्त मजकूर ओतायचा. साचा कुणीही न्यावा, कुणीही बदलावा, पैसे लागत नाहीत. तिचं नाव मी ‘पत्रक’ ठेवलं.

मोफत थीम जगात ढिगाने आहेत. पण त्यांतल्या बहुतेक इंग्रजी अक्षरांच्या मापाने बेतलेल्या असतात. त्यांत मराठी मजकूर टाकला की वरच्या मात्रा कापल्या जातात, खालचे उकार पुढच्या ओळीच्या डोक्यावर बसतात. दुसऱ्याच्या मापाचा सदरा घालून उभं राहिल्यासारखं आपलं लिखाण दिसतं. मला हा अपमान वाटायचा, अजूनही वाटतो. म्हणून ‘पत्रक’मध्ये मी ओळींना मोकळी जागा दिली, बाबांच्या पत्रकांत असायची तेवढी. वजन इतकं कमी ठेवलं की राळेगावच्या बसमध्ये, रेंज येते आणि जाते त्या पट्ट्यात, जुन्या मोबाइलवरसुद्धा पान उघडावं. मी मुद्दाम त्या बसने फिरायचे. पान उघडायला वेळ लागला की घरी येऊन अजून काहीतरी छाटायचे. कंडक्टरला वाटायचं, ही पोरगी तिकडे रोज कोणाला भेटायला जाते.

साचा दाखवायचा तर त्यात काहीतरी मजकूर भरावा लागतो. बाहेरचे लोक त्यासाठी अर्थ नसलेली लॅटिनसारखी वाक्यं टाकतात. ज्याला अर्थ नाही असं एकही वाक्य आमच्या घरातून बाहेर जाणार नाही, हे मी ठरवलं होतं. बाबांनी लगेच बियाण्यांवरचं जुनं पत्रक पुढे केलं. ते मी नको म्हटलं, कारण कुणाच्या लग्नाच्या फोटोंखाली ‘लुटारू कंपन्यांनो, सावधान’ उमटलं असतं. नेमकी त्याच वेळी आई कुंपणापाशी उभी राहून शेजारच्या काकूंना ओरडून सांगत होती. ते मी जसंच्या तसं टंकलं:

‘येत्या रविवारी कमळाबाईच्या वावरात सीतादही हाये. बोरी अरबच्या रस्त्यानं या, नाल्याच्या पलीकडचं वावर. समद्यांनी या. येतानी दही आणा.’

कमळाबाई म्हणजे आई स्वतःच. आणि ज्यांना सीतादही माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. वेचणी सुरू करायच्या दिवशी पऱ्हाटीच्या बुडाशी खडे मांडतात, हळदकुंकू वाहतात, दहीभाताचा नैवेद्य दाखवतात आणि झाडांवर दही शिंपडतात. कापूस दह्यासारखा पांढरा निघावा, एवढीच मागणी. बाबा नैवेद्याला हात जोडत नाहीत. दहीभाताला नाही म्हणत नाहीत.

तर तो नमुन्याचा मजकूर. ज्याने त्याने साचा घेतला की तो खोडून आपलं लिहावं, अशी अपेक्षा. पण तो असायचा पानाच्या तळाशी, आणि तळाशी कोण जातं हे मी वर सांगितलंच आहे. लोकांनी साचा घेतला, वर आपलं लिहिलं, खालचं तसंच राहिलं. एका दूरच्या शहरातल्या दातांच्या डॉक्टरच्या पानावर दात काढायच्या माहितीखाली आई लोकांना वावरात बोलवत होती. एका वधू-वर मंडळाच्या पानावर, एका योगवर्गाच्या पानावर, सगळीकडे कमळाबाईचं वावर आणि येतानी दही आणा.

रशीदचाचांनीही साचा घेतला होता. छापखाना बंद करून आता ते फ्लेक्सचं दुकान चालवतात. माझ्या मोफतपणावर त्यांचा कायमचा आक्षेप.

“बेटा, फुकट वाटलेली चीज रद्दीत जाते,” ते म्हणायचे. “तुह्या बापाले जिंदगीभर हेच सांगतलं. कागदाले दाम लाव, मंग पाय लोक कसे घडी करून खिशात ठेवतात.”

“चाचा, तुमी थीमचे पैसे दिले काय?”

“मी कायले देऊ? फुकट होती म्हणून तं घेतली.”

यावर ते स्वतःच हसायचे. आणि त्यांच्याही पानाच्या तळाशी सीतादहीचं बोलावणं होतं, ते त्यांना ठाऊक नव्हतं.

मी लोकांना कळवू शकले असते की बाबांनो, खालचं खोडा. कळवलं नाही. मला ते आवडायचं. आईचं बोलणं आमच्या वावराबाहेर कधी गेलं नव्हतं, ते असं न विचारता देशभर हिंडत होतं. तिला मी दातांच्या डॉक्टरचं पान दाखवलं तेव्हा ती म्हणाली, “येऊ दे त्याले. दाढ दुखून राह्यली माही.”

त्या हंगामात, म्हणजे ज्याची आठवण झोंबते त्या, दोन गोष्टी एकदम आल्या.

पहिली अशी. ज्या मूळ यंत्रणेवर हे ब्लॉग चालतात ती बदलणार होती. जुने साचे नव्या घडणीत बसणार नव्हते. दुरुस्ती झाली नाही तर ‘पत्रक’वरची पानं वाकडीतिकडी दिसणार होती आणि गाणी वाजवायची पट्टी बंद पडणार होती. दातांच्या डॉक्टरचं त्यात काही बिघडत नव्हतं. करुणा राठोडचं सगळंच बिघडत होतं.

करुणा नाल्याच्या वरच्या अंगाला असलेल्या तांड्यावर अंगणवाडीसेविका आहे. तिचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूख पालथा घालायचे, आता ती माणसं तिथेच शेती करतात. तांड्यातल्या म्हाताऱ्यांची गोरबोलीतली, म्हणजे बंजारा बोलीतली, गाणी ती मोबाइलवर भरून घ्यायची आणि ब्लॉगवर ठेवायची. लग्नातली, जात्यावरची, रडायचीही. तिचा ब्लॉग नुकताच सुरू झाला होता, ‘पत्रक’ घेऊन. गाणाऱ्यांपैकी एक बाई पोळ्यानंतर वारली होती. तिचा आवाज आता त्या पट्टीवरच होता.

करुणाने फोन केला. “ताई, वर पिवळी सूचना येऊन राह्यली. साचा जुना झाला म्हणते. गाने जातीन का?”

“जाणार नाहीत,” मी म्हटलं. “मी दुरुस्त करते.”

“कवा?”

तो ‘कवा’ माझ्या हातात नव्हता, कारण दुसरी गोष्ट आभाळात होती. वेचणीच्या तोंडावर ढग भरून आले होते. फुटलेल्या कापसावर पाणी पडलं की तो पिवळा पडतो, त्याची कवडी होते, आणि मग त्याला कोणी हात लावत नाही. वेचायला बाया मिळत नव्हत्या, सगळ्यांचीच पऱ्हाटी एकदम फुटलेली. आईने दोनदा गावात फेरी मारली आणि रिकामी परत आली. बाबांचा गुडघा धरलेला, त्यांना वाकता येत नव्हतं.

“रविवारी सीतादही करून टाकू,” आई म्हणाली, “आन् तू-मी मिळून लागू. जेवढा निंघंल तेवढा.”

“आई, मला ते गाण्यांचं काम आहे. उद्या-परवा बंद पडेल.”

“त्या गान्यायवर पानी पडते काय?”

पडत होतं, पण ते तिला कसं सांगावं ते कळेना. पत्रकांच्या घरात वाढलेल्या माणसाची मोठी अडचण ही की मुद्दा खरा असला तरी वावर तुमचं ऐकत नाही. मी लॅपटॉप झाकून ठेवला आणि ओटी काढली. त्या रात्री मला करुणाच्या पिवळ्या सूचनेपेक्षा स्वतःचाच जास्त राग आला होता. मोफत दिलंस ना, मग सांभाळायला वेळ कोण देणार? वाटून मोकळं होणं सोपं असतं. बाबांचं पत्रक हातात पडलं की त्यांचं काम संपायचं. साच्याचं तसं नाही. लोक त्यात राहायला येतात. मग छप्पर गळलं की तुम्हालाच चढावं लागतं.

रविवारी आम्ही दोघी वावरात गेलो. आईच्या हातात स्टीलचा डबा, त्यात दही. ढग इतके खाली आले होते की पऱ्हाटीचा पांढरेपणा डोळ्यांत भरत होता. आईने खडे मांडले. हळद लावत होती तेवढ्यात नाल्याकडून बोलण्याचा आवाज आला.

बाया येत होत्या. पुढे सोनीबाई, तांड्यावरची, करुणाची सासू, हातात काठी. तिच्यामागे रंगीत लुगड्यांची रांग. सगळ्यांत मागे करुणा, धावत, चेहऱ्यावर काय झालंय ते न कळल्याचा भाव. आणि प्रत्येकीच्या हातात काहीतरी होतं. डबा, लोटा, कडीचं भांडं, एकीच्या डोक्यावर चक्क मडकं.

“कमळाबाईचं वावर हेच ना व?” सोनीबाईने विचारलं.

“हेच,” आई म्हणाली. “काहून?”

“दही आनलं.”

आईने माझ्याकडे पाहिलं. मी करुणाकडे. करुणा म्हणाली, “ताई, मी रोज सांजच्याला गाने लावते ना बायायले. काल पोरीच्या हातात मोबाइल होता, तिनं पान खाली नेलं, आन् खालचं समदं वाचून दाखवलं. मी घरी नव्हती. सकाळी पायते तं ह्या समद्या निंघालेल्या.”

मला एका क्षणात सगळं उमजलं. मी सोनीबाईला समजावू लागले की ते तसं नव्हतं, तो नमुना असतो, सगळ्यांच्याच पानावर असतो, दातांच्या डॉक्टरच्यासुद्धा.

सोनीबाईने काठी जमिनीत रोवली. “छोरी, आमच्या पानावर लिवलं होतं. आमाले नाही तं कोनाले?”

आई तोंडावर पदर धरून हसत होती. मग तिने हळदीचा हात पुसला. “मी बोलली ते हे,” ती मला म्हणाली, “शब्द माह्याच तोंडचा हाये. मंग बोलावनं खरंच झालं.” आणि बायांकडे वळून, “बसा व मायहो. आधी नैवेद्य होऊ द्या.”

त्या दिवशी आमच्या पऱ्हाटीला मिळालं तेवढं दही जिल्ह्यात कोणत्या पऱ्हाटीला मिळालं नसेल. शिंपडून शिंपडून हात दमले, दही संपेना. अख्खं वावर आंबटगोड वासाने भरून गेलं. उरलेल्याची आईने धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, चूल मांडून कढी केली.

मग सोनीबाईनेच विचारलं, “वेचाले बाया लागतात का? आल्याच हाओत तं.” भाव ठरला, त्या दिवशी गावात चालू होता तोच, आणि संध्याकाळी मोजून हातात दिला. हे मुद्दाम लिहिते. मोफत या शब्दाखाली बाईच्या कष्टाला फुकट धरणारे लोक मी पुष्कळ पाहिले आहेत, आणि त्यांच्याविरुद्ध पत्रक काढायची वेळ आली तर पहिलं मी काढीन. मी साचा मोफत देते कारण तो माझा आहे आणि दिल्याने संपत नाही. बाईची पाठ एकच असते.

मी ओटी बांधायला लागले तर आईने ती माझ्या हातातून ओढून घेतली.

“तू कायले? तुह्यं ते बंद पडून राह्यलं ना?”

“पण पाऊस...”

“एवढ्या जनी हाओत. तू जाय. ह्यायचेच गाने हायेत त्यात.”

मी धुऱ्यावरच्या बाभळीखाली बसले, मोबाइलच्या रेंजवर लॅपटॉप जोडून. करुणा शेजारी बसली, काय करते ते बघत. साच्याची एकेक फाइल उघडायची, जुनी घडण काढायची, नवी बसवायची, पान पुन्हा उघडून बघायचं. समोर तासातासांतून लुगडी पुढे सरकत होती. कापूस बोंडातून निघताना अगदी बारीक आवाज येतो, पुष्कळ हात एकदम चालले तरच ऐकू येणारा. त्या आवाजावर कुणीतरी गाणं धरलं, बाकीच्यांनी उचललं. करुणा पटकन उठली आणि मोबाइल घेऊन तासात शिरली, भरून घ्यायला. म्हणजे मी ज्या गाण्यांसाठी पट्टी दुरुस्त करत होते त्यांत समोरच भर पडत होती.

दुपार कलताना पट्टी वाजली. सोनीबाईचाच आवाज होता, जात्यावरच्या गाण्याचा, मध्ये एक दणदणीत खोकला. मी मोबाइल तिच्या कानाशी नेला. ती ओटी सांभाळत, मान वाकडी करून ऐकत राहिली.

“तो खोकला काढ,” ती म्हणाली.

“काढता येईल, आजी.”

तिने पुन्हा ऐकलं. “राहू दे. माहाच हाये.”

त्यानंतर मी त्या गेलेल्या बाईची ध्वनिफीत लावली. एकदोघी रडायला लागल्या. हात मात्र थांबले नाहीत. वेचणाऱ्या बाईचे हात रडतानाही थांबत नाहीत, हे मी तेव्हा पाहिलं.

कापूस झाकून झाल्यावर थेंब आले. आमचा कापूस पांढराच घरी गेला. सुधारलेली थीम मी त्याच संध्याकाळी सगळ्यांसाठी खुली केली. काय बदललं ते नोंदवायची एक जागा असते, तिथे मी लिहिलं: गाण्यांची पट्टी दुरुस्त, कमळाबाईच्या वावरात. दातांच्या डॉक्टरलाही ती आपोआप पोहोचली असणार. त्याला कधीच कळणार नाही की त्याचं पान कुणाच्या वेचणीच्या भरवशावर उभं आहे.

रशीदचाचांना मी हे सगळं सांगितलं. त्यांनी पहिल्यांदा आपलं पान तळापर्यंत नेलं, चष्मा वर करून वाचलं.

“मंजे माह्या दुकानात बी लोक दही घेऊन येतीन?”

“येऊ शकतात.”

“येऊ दे,” ते चष्मा खाली घेत म्हणाले. “फ्रिज हाये.” ती ओळ त्यांनी अजून खोडलेली नाही. फुकट वस्तू रद्दीत जाते, हे त्यांचं म्हणणंही अजून चालूच आहे.

आज पुन्हा पऱ्हाटी फुटली आहे आणि पुन्हा ती मूळ यंत्रणा काहीतरी बदलणार आहे. ती बदलतच राहणार. बोटं झोंबतात, मी बाभळीखाली बसले आहे, आई तासातून काहीतरी ओरडते आहे. फरक एवढाच की सकाळी लॅपटॉप उघडला तर दुरुस्ती येऊन पडलेली होती. करुणाने पाठवलेली. ती रात्रीतून शिकली नाही, तीन हंगाम माझ्या शेजारी बसून शिकली. खाली निरोप होता: ‘ताई, पट्टी मोडून राह्यली होती, मी केली सरळ. तू वेच.’ मी ती दुरुस्ती वाचली. माझ्याहून नेटकी होती. मला इतका अभिमान वाटला की आईला हाक मारून सांगितलं. ती म्हणाली, “मंग बसली कायले? ये की तासात.”

जगातल्या मोठ्या कंपन्या जे साचे करतात त्यांना पगारी माणसं आहेत, इमारती आहेत. आमच्या साच्याला एक तांडा आहे, एक वावर आहे, तळाशी एक बोलावणं आहे. मला यात काही कमी वाटत नाही.

म्हणून तुमच्याकडे एक मागणं आहे, आणि ते तुम्ही आज करावं. ‘पत्रक’ घ्या किंवा दुसऱ्या कुणाचा मोफत साचा घ्या, तुमच्या गावचं, तांड्याचं, गल्लीचं एक पान उघडा. तळाशी ज्याने साचा केला त्याचं नाव राहू द्या. पण नमुन्याचा मजकूर खोडा, आणि तिथे तुमच्या घरातल्या एखाद्या बाईच्या तोंडचं खरं बोलावणं लिहा, वाट नीट सांगून. कोणी भांडं घेऊन दारात आलंच, तर ते चुकून लिहिलं होतं असं म्हणू नका. बसायला द्या.